राखाडी बऱ्हाणपुरात आला तेव्हा

मामांनी वरची खोली भाड्याने दिली, तेव्हा तिथे राहायला आलेला माणूस चोर आहे की सरकारी आहे, यावर आमच्या मोहल्ल्यात एकमत होत नव्हतं. तो साधा माणूस असेल, असं मात्र कुणीच म्हणत नव्हतं.

ते दिवसच तसे होते. जुने प्रांत मोडून भाषेप्रमाणे नवी राज्यं व्हायची होती आणि आमचा तालुका कुणीकडे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मराठी घरांना वाटे, खानदेशाला जोडावं. हिंदी घरांना वाटे, आहोत तिथेच बरे. खरं सांगायचं तर आमच्याकडे एकच माणूस सकाळी दूधवाल्याशी हिंदी बोलतो, दुपारी घरात मराठी बोलतो आणि भांडायला लागला की दोन्ही वापरतो. पण त्या वर्षी कोण कुणाच्या ओट्यावर बसतो, कोण कुणाला बघून बोलणं बदलतो, याकडे लोक लक्ष ठेवू लागले होते.

मी मूळचा निंबोल्याचा. वडील केळी आणि कापूस लावतात. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, म्हणून मामांनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं. मामा तहसील कचेरीत कारकून. वरच्या खोलीला लागून धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मामी तिथे पापड वाळत घालायची. नव्या भाडेकरूने पहिल्याच दिवशी मामीला विचारलं, "वहिनी, या धाब्यावरून त्या समोरच्या धाब्यावर माणूस उडी मारू शकेल का हो?"

मामी खाली आली ती थेट मामांसमोर उभी राहिली. "अहो, कुणाला आणून ठेवलंय घरात?"

"चित्रकार आहेत म्हणे. मुंबईकडचे."

"चित्रकार उड्या मारतात?"

पन्नाशीच्या आतबाहेरचा, अंगाने किरकोळ, जाड भिंगांचा चष्मा लावणारा तो माणूस उडी मारेल असं वाटत नव्हतं. पण तो दिवसभर गावात हिंडायचा. वेशीच्या दरवाजांपाशी, घाटाच्या पायऱ्यांवर, विणकरांच्या गल्लीत तो मांडीवर पुठ्ठा घेऊन बसे आणि काहीतरी काढत राही. मध्येच उठून पावलांनी अंतर मोजे. कुणी जवळ गेलं की कागद उलटा करी.

"नकाशा काढून राहिला तो," शेजारचे काका ओट्यावरून म्हणाले. हे काका मोठे मराठी अभिमानी. "सरहद्द ठरवायला माणसं पाठवली आहेत. ही अशीच येतात, गुपचूप."

समोरचा मिठाईवाला हिंदी बोलणारा. त्यालाही नकाशाचं पटलं होतं, फक्त त्याला वाटत होतं की तो मराठीवाल्यांनी बोलावला आहे. आणि मग एक गंमत सुरू झाली. तो भाडेकरू गल्लीतून जाऊ लागला की दोन्ही बाजूंच्या घरांतून आवाज चढायचे. काका आपल्या बायकोला मोठ्याने म्हणत, "अहो ऐकलंत का, किंचित अल्पोपहार आणता का?" काकू आतून गोंधळून विचारत, "काय आणू?" मिठाईवाला त्याच वेळी कढईपाशी उभा राहून नोकराला अशी शुद्ध हिंदी सुनवायचा की तो बिचारा जिलेबी सोडायचं थांबवायचा. आमच्या मामीनेसुद्धा एकदा मांजरीला "इकडे ये गं बाळे" म्हणून हाक मारली. एरवी ती तिला "हट, भाग" म्हणते.

भाडेकरूने मला एकदा जिन्यात गाठलं. "काय हो, तुमच्याकडे लोक घरात एकमेकांशी भाषण करतात का?"

मी हसलो नाही. मलाही त्याचा संशय होताच.

आता राखाडीविषयी सांगायला हवं. मुलांच्या एका मासिकात राखाडीची चित्रकथा यायची. राखेच्या रंगाचा मुखवटा घातलेला एक माणूस, जो एका उडीत नदी ओलांडतो. जिथे कुणी अडलेलं असेल तिथे येतो, काम करतो आणि निघून जातो. तो क्वचितच बोलतो. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि ते मासिक मुलांचं होतं, हे मला कळत होतं. पण कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं, मी सांगितलं, आणि मागून कुणीतरी "केळ्या" असं म्हणालं. पुढे वर्षभर मला तेच नाव पडलं. वर्गात तोंड उघडलं की गावाकडचा हेल बाहेर येईल, म्हणून मी गप्प बसायचो. राखाडीही गप्प असायचा, पण त्याच्या गप्प राहण्याला कुणी हसत नसे. त्याला कुणी गाव विचारत नसे. मला वाटतं, मला तो त्याच्या उडीपेक्षा यासाठी जास्त आवडायचा.

माझा एक मित्र होता, धान्याच्या आडतवाल्याचा मुलगा. घरी हिंदी. त्याला लिपी वाचता यायची, पण मराठी सगळी समजायची नाही. आम्ही दोघं मिळून स्टेशनवरच्या पुस्तकांच्या टपरीवरून अंक घ्यायचो आणि घाटावर बसून वाचायचो. अडलं की तो म्हणायचा, "इसका मतलब बता, केळ्या." त्याने म्हटलेल्या केळ्याचं मला काही वाटत नसे.

एका दुपारी मामीने भाडेकरूला चहा द्यायला मला वर पाठवलं. तो खोलीत नव्हता, धाब्यावर मधोमध सतरंजी टाकून बसला होता. भोवती कागद पसरलेले, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवलेला. मी कप ठेवायला वाकलो आणि तसाच राहिलो. एका कागदावर आमच्या समोरचं धाबं होतं, आणि त्याच्या कडेला राखाडी उभा होता.

"हा... हा तुम्हाला कुठे मिळाला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मिळायला काय, मीच काढतो त्याला. गोष्टही माझीच. आठ वर्षं झाली."

मी कप कसाबसा सतरंजीवर टेकवला. मासिकात चित्रकाराचं खरं नाव कधीच नसे, नुसती एक तिरकी रेघ असे. या कागदांवर तीही नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण लगेच मागून शंका आली. मुंबई सोडून हा माणूस आमच्या धाब्यावर कशाला येईल? मी ठरवलं, आपण विचारू. राखाडीबद्दल मला सगळं पाठ होतं.

"राखाडीने मुखवटा कशाचा शिवला?"

"कापडाचा."

"कसल्या कापडाचा?"

"असेल कसलं तरी. मांजरपाट."

तो मांजरपाट नव्हता. एका दिवाळी अंकात सांगितलं होतं की राखाडीची आई गेल्यावर तिचं जुनं लुगडं त्याने चुलीतल्या राखेत रंगवलं आणि त्याचा मुखवटा शिवला. तो भाग वाचून मी रडलो होतो. माझ्या आईने मी शहरात येताना पुस्तकं बांधायला आपलं लुगडंच दिलं होतं.

मी ते त्याला सांगितलं. तो हसला. "असं लिहिलं होतं होय मी? छान लिहिलंय."

मग मी आणखी विचारलं. राखाडी पहिल्यांदा कोणती नदी ओलांडतो? आंधळ्या सुताराला तो कोणतं वचन देतो? एकाचंही धड उत्तर आलं नाही. वर त्याने मलाच विचारलं, "सुतार आंधळा होता का?"

मी रिकामा कप न घेताच खाली आलो.

संध्याकाळी घाटावर मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नकली है यार. असली आदमी को अपना हीरो याद नहीं रहेगा क्या? अंक देखके उतार लिया होगा."

"पण कशासाठी?"

"नक्शा बनाना है तो कुछ तो बहाना चाहिए ना. बच्चों का चित्र! किसको शक होगा?"

मला हे पटलं, आणि पटलं म्हणून फार वाईट वाटलं. ज्याला कुणी गाव विचारत नाही, त्याच्याच आडून कुणीतरी आमच्या गावाची सरहद्द मोजत होता.

त्याच आठवड्यात मामा कचेरीतून जेवायला घरी आले ते पानावर बसून नुसतेच राहिले. मामीने वाढलेलं तसंच. शेवटी म्हणाले, "बडे बाबूंनी बोलावलं होतं." बडे बाबू म्हणजे कचेरीतले त्यांचे साहेब.

"काय म्हणाले?" मामीने विचारलं.

"म्हणाले, आपके घर में जो आदमी है, उसकी शिकायत आई है. दोन्हीकडून आली आहे. मराठीवाले म्हणतात मी हिंदीवाल्यांचा माणूस ठेवलाय आणि ते म्हणतात मी यांचा ठेवलाय. बाबू म्हणाले, आज सांजेपर्यंत एक काय ते सांगा. तो नकाशा काढत नाही अशी हमी द्या, नाहीतर त्याला घराबाहेर काढा. हमी दिली आणि खोटी निघाली, तर माझ्या नोकरीचं ते बघून घेतील."

"काढा मग बाहेर," मामी म्हणाली. "आपला कोण लागतो तो?"

"काढलं तर गावात काय होईल माहीत आहे? लोक म्हणतील, बघा, खरंच होतं. एकट्या माणसाला रस्त्यात गाठतील." मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा ताटात ठेवला. मग माझ्याकडे वळले. "भाचेबुवा, तुम्ही त्या मासिकाचे जाणकार. मी विचारलं तर म्हणतो, राखाडीची चित्रं मीच काढतो. तो खरंच तोच आहे का? तू सांगशील ते बाबूंना सांगतो."

कुणी मला काही ठरवायला सांगण्याची ती पहिली वेळ होती. मी "बघून येतो" एवढंच म्हणालो आणि जिना चढलो.

तो तसाच धाब्याच्या मधोमध बसला होता. मी सरळ म्हणालो, "माझ्यासमोर राखाडी काढून दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्याने कारण विचारलं नाही. बहुतेक त्याला कळलं असावं. कोरा कागद घेतला, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवला. मीही राखाडी पुष्कळदा काढला आहे, वह्यांच्या मागे, बाकावर. आम्ही सगळेच काढायचो, आणि सगळे मुखवट्यापासून सुरुवात करायचो. डोळ्यांच्या दोन फटी झाल्या की राखाडी आलाच. मी त्या दोन फटींची वाट बघत होतो.

त्याने कागदाच्या तळाशी एक टाच काढली. मग पायाची बोटं, मातीत रुतलेली. मग दुसरं पाऊल, कडेवर, अर्धं हवेत. बराच वेळ तो तिथेच होता, घोट्यापाशी रेघ खोडायचा, पुन्हा काढायचा.

"तोंड?" मी न राहवून विचारलं.

"तोंडाला काय लागतं? मुखवटा कुणीही काढेल." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो जरा ओशाळला. "रागावू नका. मला खाली बघायची भीती वाटते. लहानपणापासून. जिना उतरताना मी कठडा सोडत नाही. इथेही बघा, कडेपाशी जात नाही. म्हणून आधी त्याचा पाय कुठे टेकलाय ते पक्कं करतो. ते झालं की मग माझा जीव थाऱ्यावर येतो. बाकीचा माणूस आपोआप वर येतो."

"तुम्हाला भीती वाटते?"

"म्हणून तर त्याला पाठवतो. पण दर महिन्याला पाठवायला नवी जागा लागते. मुंबईच्या गच्च्या काढून संपल्या. लोक मला लिहितात, राखाडी आमचा भाऊ आहे, राखाडीमुळे आम्ही असं केलं, तसं केलं. मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्याकडे तो फक्त काम घेऊन येतो. पुढची उडी कुठून, एवढंच विचारतो. मागचं त्यालाही आठवत नाही आणि मलाही."

मी त्या पावलांकडे बघत होतो. मासिकातला राखाडी मला डोळ्यांसमोर आणायचा होता, पण मला मुखवटाच आठवत होता, त्याचे पाय आठवतच नव्हते. इतक्या वेळा वाचूनही मी ते कधी बघितले नव्हते. मग एक विचार आला. हा माणूस मला फसवायला आला असता, तर पाठ करून आला असता. लुगडं, नदी, सुतार, सगळं त्याने घडाघडा सांगितलं असतं. माझ्यासारख्याला खूश करणं काही अवघड नव्हतं. खोटा माणूस माझी इतकी निराशा कशाला करील?

हा पुरावा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी खाली गेलो आणि म्हणालो, "मामा, तो तोच आहे."

"नक्की ना रे?"

"हो."

मामा सांजेला बाबूंना हमी देऊन आले. लुगडं, नदी, सुतार यांतलं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

भाडेकरू पुढे आठ-दहा दिवस राहिला आणि सामान बांधून गेला. जाताना कागदांची गुंडाळी काखेत घट्ट धरून, कठड्याला धरून जिना उतरला. मामीने त्याला शिदोरी दिली, तीही शेजारणीला दिसणार नाही अशी पदराआड. तो गेला आणि उलट जास्तच बोललं जाऊ लागलं. काम झालं म्हणून गेला, असं काका म्हणाले. मिठाईवाल्याचंही तेच मत होतं. त्या एका बाबतीत दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आले.

पुढचा अंक यायच्या दिवशी मी आणि मित्र स्टेशनवर गेलो. तिथेच, फलाटावर उभ्याने पानं उलटली. राखाडी जंगलात होता. सगळीकडे झाडंच. एक धाबं नाही, एक वेस नाही.

मित्राने अंक मिटला. मग म्हणाला, "गए तेरे मामा."

घरी मामांनी अंक हातात घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, आणि परत दिला. "झाडं चांगली काढली आहेत," म्हणाले. त्या महिन्यात कचेरीत त्यांच्या टेबलापाशी चहाला कुणी थांबत नसे, हे मला मामीकडून कळलं. मामांनी मला एक शब्द विचारला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या अंकात आमचं गाव होतं.

आम्ही अंक फलाटावर उघडला आणि मित्र एवढ्या मोठ्याने ओरडला की हमाल वळून बघू लागले. "अपना घाट! अबे, अपनी गली!" नाव कुठे दिलं नव्हतं, पण वेस आमची होती, समोरचं धाबं आमच्या समोरचं होतं आणि कडेला, एक पाऊल अर्धं हवेत, राखाडी उभा होता. मी आधी त्याचे पाय बघितले. ते तेच होते. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच एका पेटीवर बसलो.

मग गोष्ट वाचली. मी मोठ्याने वाचत होतो, मित्र खांद्यावरून बघत होता. राखाडी नदीकाठच्या एका गावात येतो. पूर येणार आहे, ते सांगायला तो आला आहे. पण खाली गल्लीत जमलेले लोक वर बघून विचारतात, तू कुणाचा? इकडचा की तिकडचा? तो काही बोलत नाही. लोकांच्या हातात दगड असतात. शेवटच्या चित्रात तो उडी मारून नदीपार गेलेला आहे आणि लोक अजून त्या रिकाम्या धाब्याकडेच बघत आहेत.

"ये हम लोग हैं?" मित्राने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

दुसऱ्या दिवसापर्यंत तो अंक मोहल्ल्यात हातोहात फिरला. ज्यांनी जन्मात मुलांचं मासिक उघडलं नव्हतं त्यांनीही बघितला. काका चित्रावर बोट आपटत म्हणाले, "ही गावाची बदनामी आहे. आम्ही कधी कुणाला दगड मारले?" मिठाईवाल्याने स्वतःला ओळखलं होतं, कढईसकट. तो माझ्यावरच उखडला. "यही है तुम्हारा कलाकार? हमारी दुकान के सामने खड़ा करके हमीं को राक्षस बना दिया." पण नकाशाचं कुणी बोललं नाही. बडे बाबूंनी अंक मागवून घेतला आणि परत केला नाही. मामांना बोलावून एवढंच म्हणाले, "चित्रकार ही था," आणि त्या दिवसापासून टेबलापाशी पुन्हा चहा येऊ लागला. पुढे राज्यं झाली, आम्ही होतो तिकडेच राहिलो, आणि काका न् मिठाईवाला एकमेकांशी आपापल्या जुन्या खिचडी भाषेत भांडू लागले.

मामांसाठी मी त्याच अंकाची दुसरी प्रत आणली होती. अंक आला त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी ते ओट्यावर उजेडाला बसले आणि चित्र डोळ्यांजवळ नेऊन शोधत राहिले. गर्दीत एक जण हुबेहूब मामा होता, काळी टोपी, खाली आलेल्या मिशा, जरा पुढे झुकलेले खांदे.

"मी आहे ना रे हा?"

"हो मामा."

"बघ बरं नीट. मला दिसत नाही. माझ्या हातात दगड आहे का?"

मी अंक घेतला. मामांच्या हातात भाजीची पिशवी होती, दुसरा हात मोकळा, खाली सोडलेला. मी तसं सांगितलं. मामांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ते इतके मनापासून हसले की मामी बाहेर आली, आणि तिलाही ती पिशवी दाखवावी लागली.

मामांच्या शेजारी एक सडपातळ पोरगा काढला आहे. तेलाने चापलेले केस, बगलेत पुस्तकं. तो मी आहे, याबद्दल मित्राला शंका नाही. पोरगा वर राखाडीकडे बघतो आहे, पण बाकीचे बघतात तसा रागाने नाही. त्याचा एक हात पाठीमागे आहे. मी तो अंक अजून ठेवला आहे आणि कधीकधी काढून बघतो. त्या हातात काय आहे, ते चित्रात दिसत नाही.